ऑर्डरीचा दिवस

पहाटे ५.३०

कराडच्या प्रीतिसंगमावर अजून अंधार आहे. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन मिळतात. मार्गशीर्षात या पाण्यावर धुक्याचा जो थर धरतो, तो सूर्य वर आल्यावर फार तर तासभर टिकतो. त्या तासासाठी आज इतक्या लवकर निघालोय. सूर्य पावणेसातच्या सुमाराला दिसेल. तोवर घाटाच्या पायऱ्यांवर कुठं उभं राहिलं तर पलीकडच्या काठावरची झाडं मागे येतील आणि विजेचा खांब येणार नाही, एवढं बघून ठेवायचं.

सहाला जोडी आली. मुलगा पुण्याजवळ चाकणला कंपनीत, मुलगी कराडातच दवाखान्यात नर्स, आणि सोबत मुलीचा धाकटा भाऊ. साखरपुडा होऊन महिना झालाय, पण दोघं एकमेकांशी अजून जपून बोलतात. अशा जोडीला "हसा, जवळ या" म्हटलं की खांदे आखडतात. मी त्यांना पायऱ्यांवरून नुसतं चालायला सांगितलं आणि सत्तर-दोनशेची लेन्स लावून लांब उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी मुलगी नाइट ड्युटीतला कुठला तरी किस्सा सांगायला लागली, मुलगा थांबून ऐकायला लागला. पुढच्या वीस मिनिटांत जे मिळालं तेच या दोघांच्या अल्बमचं पहिलं पान होणार.

आमच्या धंद्यात सध्या लग्नाच्या पॅकेजवर "प्री-वेडिंग फ्री" लिहायची चाल पडलीय. मी लिहीत नाही. या सकाळचे मी १२,००० घेतो, आणि आजचा बॅलन्स भावानं तिथंच मोबाईलवरून टाकला. फुकट दिलेल्या कामाचे तास कुठल्याच वहीत चढत नाहीत. ते फोटोग्राफरच्या अंगावर पडतात आणि सीझन संपला की "एवढं राबलो, पैसे गेले कुठं" असा प्रश्न उरतो. फोटोग्राफी पोट भरते का, असं मला पुष्कळ जण विचारतात. भरते. पण कॅमेरा कसा धरायचा यापेक्षा तास कसे मोजायचे यावर ते जास्त ठरतं, असं मी ठामपणे म्हणेन.

सकाळी ९.१५

दुकान उघडून गणपतीला उदबत्ती, मग काउंटर. लाइटच्या दोन छत्र्या, पांढरा पडदा, स्टूल, आरसा आणि कंगवा. पहिलं गिऱ्हाईक स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरणारी मुलगी. फोटो ठरावीक केबीत बसवून पाहिजे, सहीचं स्कॅनिंगही पाहिजे. ८० रुपये. पाठोपाठ शाळेच्या ओळखपत्रासाठी दोन भाऊ, एकाच शर्टात आळीपाळीनं.

पासपोर्ट साइज फोटोवर दुकान चालायचे दिवस गेले. ते का गेले, याचं कारण आपल्याच राज्यात सापडतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत सप्टेंबर २०१० मध्ये देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. आधारचा फोटो केंद्रावरच काढतात. पासपोर्ट सेवा केंद्रात तसंच, वाहन परवान्याला आरटीओत तसंच. जिथं जिथं सरकारनं समोर बसवून फोटो काढायला सुरुवात केली, तिथून आमचं गिऱ्हाईक कमी झालं. उरलेलं मोबाईलनं नेलं. तरी काउंटर मी बंद करत नाही. दिवसाला आठशे-हजार रुपये होतात, त्यात दुकानाचं लाइटबिल आणि तिथं बसणाऱ्या मुलाचा पगार सुटतो. त्याहून मोठं म्हणजे फॉर्मसाठी आलेली मुलगी चार वर्षांनी लग्नाची तारीख घेऊन येते.

सकाळी १०.४५

पन्नाशीचे एक गृहस्थ आले. केस नुकतेच उतरवलेले. हातात लग्नातला जुना ग्रुप फोटो, त्यात दुसऱ्या ओळीत टोपी घातलेले, अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या पदराआड गेलेला असे त्यांचे वडील. "दादा, आबांचा येवढाच फोटो हाय बघा. तेराव्याला भिंतीवर लावायचाय."

आधार कार्डाचा फोटो त्यांनी मागितला नाही. त्या फोटोत आबा ओळखू येत नव्हते, म्हणाले.

फोटो १,२०० डीपीआयला स्कॅन केला. ओरखडे, बुरशीचे डाग, पिवळा पडलेला कागद हे सगळं हातानं काढता येतं, तास-दीड तास लागतो. झाकलेला गाल मात्र कुठून आणायचा? आजकाल एक बटण दाबलं की संगणक तो गाल बनवून देतो, डोळेही तेजदार करतो. चेहरा देखणा होतो आणि कुणा भलत्याच माणसाचा होतो. मी ते करत नाही. दुसरा फोटो शोधायला सांगितला. कुणाच्या वास्तुशांतीचा, जत्रेचा, सोसायटीच्या मीटिंगचा. त्यांनी तिथंच बसून चुलतभावाला फोन लावला. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. त्यात आबा बैलांच्या मध्ये उभे, उन्हानं डोळे बारीक केलेले, पण पूर्ण चेहरा. गृहस्थ बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. "हेच आबा," एवढंच म्हणाले.

बारा बाय अठराची फ्रेम, रिटचिंग धरून ९०० रुपये. या कामात घासाघीस होत नाही, आणि म्हणूनच त्यात जास्त घेऊ नये असं मला वाटतं.

असा फोटो शोधायची वेळ येऊ नये म्हणून लग्नाच्या प्रत्येक ऑर्डरीत मी एक काम न सांगता करतो. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना सकाळच्या उजेडात, जेवणाच्या गर्दीआधी, खिडकीपाशी बसवून एकेकाचा फोटो काढतो. अल्बममध्ये तो येईलच असं नाही. फाइल मात्र नावानिशी जपून असते. दोन-तीन वर्षांनी त्या घरचा फोन येतो तेव्हा मला ग्रुप फोटो फाडून चेहरा काढावा लागत नाही. या एका सवयीनं गावागावांत माझं नाव जेवढं पोचलं, तेवढं कुठल्याही फ्लेक्सनं पोचलं नसतं.

दुपारी १२

लग्नाची बोलणी. पुढच्या वैशाखातली तारीख, मुलीचे वडील आणि मामा आलेत. बोलायला मामाच पुढे.

"दादा, पंच्याण्णव हजार? दोन दिवसांचं? आमच्या भावकीतल्या पोराकडं पण क्यामेरा हाय."

"मामा, त्यालाही बोलवा. पण हे आधी बघा." मी कागद पुढे सरकवला. त्यावर कोण येणार, किती तास थांबणार, अल्बमची किती पानं, कधी मिळणार, हे सगळं लिहिलेलं असतं. ते वाचायला त्यांना दहा मिनिटं दिली.

त्यांना दिलेल्या कागदाच्या मागचा हिशेब मात्र इथं पूर्ण मांडतो, कारण या धंद्यात येणाऱ्या कुणालाही तो कुणी मांडून दाखवत नाही. हळद आणि लग्न अशी दोन दिवसांची ऑर्डर, रक्कम ९५,०००. कँडिडवाला बाहेरून घेतला तर दिवसाला ८,००० म्हणजे १६,०००. सिनेमॅटिकवाला तेवढाच, १६,०००. ट्रॅडिशनल व्हिडिओ ३,५०० प्रमाणे ७,०००. ड्रोन एक दिवस ५,०००. बारा बाय छत्तीसचा अल्बम, डिझाइन आणि छपाईसह १४,०००. व्हिडिओचं मिक्सिंग ९,०००. गाडी, डिझेल, पोरांचा चहा-नाश्ता ३,०००. पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्कचा वाटा १,५००. हे झाले ७१,५००. ट्रॅडिशनल फोटो मी स्वतः काढणार. हातात उरले २३,५००.

बहुतेक जण इथं थांबतात आणि साडेतेवीस हजार सुटले म्हणतात. सुटलेले नसतात. बॉडी दोन लाखांची, लेन्स दीड लाखाच्या, फ्लॅश आणि बाकी सामान पन्नास हजारांचं. हे चार लाख पाच वर्षांत संपतात, कारण शटरला आयुष्य असतं आणि बाजार नवं मागतो. वर्षाला ८०,०००. वर्षाकाठी अशा पंचवीस ऑर्डरी धरल्या, तर एकीच्या वाट्याला ३,२००. दुकानाचं भाडं-लाइट महिना १५,०००, ते सगळं या ऑर्डरींवरच टाकलं तर आणखी ७,२००. राहिले १३,१००. आता उलाढाल बघा. पंचवीस गुणिले पंच्याण्णव हजार म्हणजे २३ लाख ७५ हजार. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. ही उलाढाल पूर्ण बिलावर मोजतात, पोरांना वाटून उरलेल्या पैशावर नाही. नेहमीचा दर १८ टक्के. ५० लाखांच्या आतल्या छोट्या सेवेला कंपोझिशन योजनेत ६ टक्के भरून मोकळं होता येतं, पण तो कर पार्टीकडून वेगळा मागता येत नाही. ९५,००० चे सहा टक्के ५,७००. उरले ७,४००.

बोलणी, दोन दिवसांचं शूटिंग, फोटो निवडणं, डिझायनरच्या मागे लागणं, दुरुस्त्या, अल्बम पोचवणं असे एका ऑर्डरीला सात दिवस सहज जातात. म्हणजे दिवसाला हजार-साडेदहाशे. आमच्याकडे गवंड्याची हजेरी साधारण तेवढीच आहे, आणि त्याला चार लाखांची थापी घ्यावी लागत नाही.

हा हिशेब बघून कुणी घाबरू नये, कारण त्यातच वाट आहे. कँडिड मी स्वतः काढला आणि ट्रॅडिशनल फोटोला ३,५०० वर दुसरा माणूस ठेवला, तर १६,००० वाचतात आणि ७,००० जातात. एका ऑर्डरीमागे ९,००० वाढले. ७,४०० चे १६,४०० झाले, पंचवीस ऑर्डरींचे १ लाख ८५ हजारांऐवजी ४ लाख १० हजार. पार्टी तीच, रक्कम तीच. ज्या कामाला बाजार जास्त पैसे देतो ते काम मालकाला स्वतःला यायला पाहिजे. जो स्टुडिओवाला नुसता ऑर्डर घेतो आणि माणसं पाठवतो, तो मोठा दिसतो आणि खाली रिकामा असतो.

मामांनी कागद वाचून संपवला. "ड्रोन काढला तर?" ड्रोन काढला, ९०,००० ठरले. मला ते बरंच वाटलं. २५ टक्के बुकिंगला, ५० हळदीच्या आधी, २० लग्नादिवशी अक्षतांच्या आधी, ५ अल्बम हातात देताना. हळद उतरली की पार्टीचा हात आखडतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. तरी निम्मे पैसे अल्बमवर ठेवणारे कितीतरी जण आहेत, आणि त्यांच्या कपाटात न नेलेले अल्बम पडून आहेत.

दुपारी २

डबा खाताना एक मुलगा आला. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला. काल रात्री एक निरोप येऊन गेला होता, तो त्याचाच. त्याला वन्यजीव फोटोग्राफर व्हायचंय. सातारा जिल्ह्यात राहणाऱ्याला ते सुचावं यात नवल नाही, कोयना-चांदोलीचं सह्याद्री व्याघ्र राखीव क्षेत्र इथून जवळ, कासचं पठार जवळ. मोबाईलमध्ये त्यानं काढलेला धनेश होता, खरोखर चांगला. वडील पतसंस्थेत क्लार्क. चाळीस हजारांचा कॅमेरा हप्त्यावर घेतलाय आणि आता दीड लाखाची लेन्स हप्त्यावर घ्यायचा विचार आहे.

मी त्याला जेवायला बसवलं आणि लेन्सचा विचार थांबवायला सांगितला. भाड्यानं मिळते ती वस्तू कामाआधी विकत घेऊ नये. जंगलाच्या फोटोला पैसे देणारे थोडे आहेत. मासिकं, पर्यटनवाले, संस्था, कधी पुस्तकाचे प्रकाशक. त्यातलेही बरेच जण पैशांऐवजी नाव छापतो म्हणतात. या वाटेनं पोट भरणारे जे आहेत, ते बहुतेक सोबत सहली नेतात, शिकवतात, डॉक्युमेंटरीवर काम करतात.

त्याला मोठ्यांच्याच गोष्टी सांगितल्या, कारण त्या दिलासा देतात. दादासाहेब फाळके सिनेमाआधी फोटोग्राफर होते. गोध्र्यात त्यांनी धंदा मांडला होता. प्लेगात पत्नी गेल्यावर ते गाव सोडलं, पुढे पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफीचं काम केलं, मग छपाई. भारताच्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला यांना सुरुवातीला बॉम्बे क्रॉनिकल एका फोटोचा एक रुपया द्यायचं. गौतम राजाध्यक्ष जाहिरात संस्थेत नोकरी करता करता चेहरे टिपत होते, पूर्ण वेळ फोटोग्राफीकडे नंतर आले. या तिघांचं काम टिकलं. पण पहिल्या दिवसापासून फोटोवर घर चालवण्याचा हट्ट त्यांच्यापैकी प्रत्येकाला परवडलाच असं दिसत नाही.

"मग शिकू कुठं?" त्याचा प्रश्न साधा होता. पुण्यात सिंबायोसिसमध्ये फोटोग्राफीची पदवी आहे, मुंबईत जे. जे.च्या उपयोजित कलेत फोटोग्राफी शिकवतात. फी आणि राहणं परवडत असेल तर जावं, कारण तिथं उजेडाकडे बघायला शिकवतात आणि सोबतीला चांगली माणसं मिळतात. नसेल परवडत, तर बीएस्सी पूर्ण कर, शनिवार-रविवार लग्नात लाइट धर. दिवसाचे ७०० मी देतो. घामाघूम गर्दीत, खराब उजेडात, पुन्हा न घडणारा क्षण ज्याला पकडता येतो, त्याला जंगलही येतं. पक्षी तरी परत फांदीवर येतो. मंगळसूत्र दुसऱ्यांदा बांधत नाहीत.

"आज संध्याकाळी येऊ?" म्हणाला. ये म्हटलं.

दुपारी ३.३०

सराफाच्या पेढीवर माडीवरची खोली. कोल्हापुरी साज, ठुशी, चिंचपेटी, मोत्यांच्या नथी, एकूण चाळीस नग. सोन्याचा फोटो काढणं म्हणजे सोन्यात जे दिसतं त्याचा फोटो काढणं. त्यात छत दिसतं, खिडकी दिसते, माझा शर्टही दिसतो. म्हणून चारी बाजूंनी पांढऱ्या कापडाचा तंबू, वरून मऊ लाइट, आणि मण्यांची गोलाई उठावी म्हणून बाजूला काळ्या कागदाची एक पट्टी. ट्रायपॉड, मॅक्रो लेन्स, पोलरायझर. पुढून मागपर्यंत सगळा साज स्पष्ट यावा म्हणून एकाच नगाचे पाच-सहा फोटो वेगवेगळ्या ठिकाणी फोकस करून काढायचे आणि नंतर जोडायचे. इथं घाई चालत नाही, आवाज नाही, डीजे नाही. मला हे काम मनापासून आवडतं.

नगाला ३०० रुपये, म्हणजे १२,०००. बाहेरचा माणूस नाही, अल्बम नाही, फक्त माझा अर्धा दिवस आणि उद्या-परवा दोन संध्याकाळी एडिटिंग. खर्च वजा जाता लग्नाच्या ऑर्डरीपेक्षा तासाला हे जास्त पडतं. पैसे मात्र लगेच येत नाहीत, बिल देऊन वाट बघावी लागते. म्हणून सगळंच सोडून या कामामागे जाता येत नाही. दोन्ही लागतात. लग्नाचे रोख पैसे महिना चालवतात आणि दुकानदार, हॉटेलवाले, गुळाचे व्यापारी, एमआयडीसीतले कारखानदार यांची कामं लग्न नसलेले महिने भरून काढतात.

शेठनी सहज विचारलं, "हे फोटो तुम्ही तुमच्या इन्स्टाग्रामला टाकणार का?" तुमची परवानगी असेल तर, म्हटलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. हे आमच्यातल्याच अनेकांना माहीत नसतं. लग्नाच्या फोटोंनाही तोच नियम. म्हणून करारात एक ओळ घातलीय की जाहिरातीपुरते फोटो वापरायची मुभा राहील. ज्यांना नको असेल त्यांनी ती खोडावी. काही घरं खोडतात, आणि ते बरोबरच आहे.

संध्याकाळी ५.१५

डिझायनरकडून दोन अल्बमच्या शीट आल्या. एकात नवरदेवाची बहीण तीन पानांत तीनदा, आई एकदाच. परत पाठवला. तिसऱ्या पार्टीचं सिलेक्शन दिवाळीपासून रखडलंय, अडीच हजार फोटोंतून दोनशे निवडायला त्यांना वेळ नाही. आता मी स्वतःच पहिली निवड करून पाठवतो आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच छापायला जाईल, असं करारात लिहितो.

रोलच्या दिवसांत हे नव्हतं. छत्तीस फ्रेमचा रोल, लग्नाला चार-पाच रोल, प्रत्येक फ्रेमला पैसे. निगेटिव्ह स्टुडिओत राहायची. कुणाला आजीचा फोटो मोठा करून हवा असेल, मामाकडे कॉपी पाठवायची असेल, तर गिऱ्हाईक परत दुकानात यायचं. वर्षानुवर्षं रीप्रिंटचा पैसा येत राहायचा, कपाटातली निगेटिव्ह ही स्टुडिओची ठेव होती. पेनड्राइव्हमुळं ती ठेव एका दिवसात पार्टीच्या खिशात गेली. डिजिटलमुळे रोलचा खर्च वाचला असं सगळे म्हणतात. ही गेलेली कमाई फार कमी जणांनी मोजली, आणि लग्नाचे दर ठरवताना ती कुणीच धरली नाही.

संध्याकाळी ६.३० ते १०

हायवेलगतच्या लॉनवर हळद. येताना उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत वीस मिनिटं गेली. कारखान्यांचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम आमच्याकडे एकाच रस्त्यावर येतो. निघायची वेळ तो धरूनच ठरवावी लागते.

पोचल्यावर पहिलं काम मुलीच्या वडिलांना भेटणं. हळदीआधीचा हप्ता त्यांनी पाकिटात तयार ठेवला होता. दुसरं काम डीजेवाल्याला भेटणं. त्याचा लेझर कॅमेऱ्याच्या काचेतून थेट आत गेला तर सेन्सर जळतो, रेघ कायमची राहते. लेझर डोक्याच्या वर ठेव, फोटोग्राफर स्टेजवर असताना बंद कर, एवढी विनंती. ऐकली त्यानं. तिसरं काम एलईडीच्या माळा तपासणं. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी त्या ठोक्यावर लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोत काळे पट्टे येतात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवलं की पट्टे जातात.

हळदीचा रंग नीट आणणं हे वर्षानुवर्षांचं शिक्षण आहे. पिवळे कपडे, पिवळी झेंडूची तोरणं, पिवळसर दिवे आणि गालावर हळद. कॅमेऱ्याला आपापलं ठरवू दिलं तर तो सगळं पिवळं कमी करून चेहरे निळसर पाडतो. व्हाइट बॅलन्स हातानं बांधायचा, आणि एक स्वच्छ पांढरा लाइट फक्त चेहऱ्यापुरता. तो लाइट आज दुपारचा मुलगा धरून उभा होता. त्याला सांगितलं होतं, स्टेजकडे बघू नकोस, माझ्या लेन्सच्या तोंडाकडे बघ, ते वळेल तसा वळ. पहिला अर्धा तास चुकला, मग जमला. करवल्या नाचायला आल्या तेव्हा मी न सांगता त्यानं लाइट थोडा उंच घेतला. हाताला डोळा आहे त्याच्या.

मुलीची आत्या हळद लावताना एकदम रडली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गाणं जोरात होतं. लांबून पंच्याऐंशीच्या लेन्सवर तीन फ्रेम मिळाल्या. तिच्या चेहऱ्यावर एका बाजूला हळदीचा हात, मागं सगळी धूसर पिवळी गर्दी. लोक पैसे या तीन फ्रेमचे देतात. बाकी बाराशे फ्रेम या तिन्हींपर्यंत पोचण्यासाठी असतात. मोबाईल प्रत्येकाच्या हातात होता, आणि प्रत्येक मोबाईल नाचणाऱ्यांकडे वळलेला होता.

जेवण साडेनऊला, पोरांबरोबर, उभ्यानं. पार्टीनं पंगतीत बसवायचा आग्रह केला, पण सामान आवरायचं होतं.

रात्री १०.४५

घरी आल्याबरोबर कार्डं. कॅमेरा दोन कार्डांवर एकाच वेळी लिहितो, तरी आधी संगणकात, मग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक उद्या दुकानात जाईल. हे संपेपर्यंत कार्ड कोरं करायचं नाही. हार्ड डिस्क बिघडली म्हणून लग्न परत लावता येत नाही, आणि अशा वेळी पार्टी जे बोलते ते सगळं बरोबर असतं.

फाइली उतरेपर्यंत वही. सकाळचे प्री-वेडिंगचे, काउंटरचे, फ्रेमचे ९००, हळदीचा हप्ता, वैशाखातल्या ऑर्डरीचं बुकिंग, हे सगळे जमेला. सराफाचे १२,००० येणे. ड्रायव्हर, मुलाचे ७०० आणि व्हिडिओवाल्याचे पैसे नावे. मग प्रत्येक ऑर्डरीमागे ठरलेले ३,२०० दुसऱ्या बँकेतल्या खात्यात. ते पैसे पुढच्या बॉडीचे. त्याला घरच्या कुणीही हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि म्हणून आमच्या घरात कॅमेऱ्याचा हप्ता नाही.

भिंतीवर दाते पंचांग आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत शुक्राचा अस्त, तेव्हा मुहूर्त नाहीत. ते तरी गॅदरिंगच्या फोटोंवर निभतं. खरी अडचण उन्हाळ्यात आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मे ते १५ जून. २०२३ चा अधिक महिना श्रावणात होता, चातुर्मासात, तेव्हा आम्हाला काही कळलंही नाही. यंदा तो ऐन लग्नसराईत आडवा पडलाय. म्हणजे फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत तारखा दाटणार, एका दिवशी तीन-तीन लग्नं मागायला येणार, आणि पुढचा महिना हातावर हात.

झोपायच्या आधी तीन निरोप लिहून ठेवले. एक गुळाच्या व्यापाऱ्याला, नव्या पॅकिंगचे फोटो मेच्या तिसऱ्या आठवड्यात काढू म्हणून. एक शाळेच्या मुख्याध्यापकांना, जूनमध्ये ओळखपत्रांचं काम यंदा लवकर घेऊ का. आणि एक त्या मुलाला, की उद्या साडेआठला मंगल कार्यालयात ये, बूट घाल, घरून खाऊन निघ, मुहूर्त १२.२७ चा आहे.